पुढचं तिच्याकडं

माझी नात फोन उचलला की म्हणते, "हाय!" मी विचारते, "कुठं हाय?" ती म्हणते, "आजी, प्लीज!" हा आमचा रोजचा खेळ. तिला वाटतं, म्हातारीला इंग्रजी कळत नाही म्हणून ती असं विचारते. वाटू दे. आपल्याला काय काय कळत नाही याबद्दल लोकांच्या ज्या समजुती असतात, त्या म्हातारपणी फार सोयीच्या पडतात. पण खरं सांगायचं तर 'हाय' हा शब्द माझ्याकडं तिच्या फोनच्या खूप आधी आला. तो आला पारनेरला, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत, मधोमध कापलेल्या एका पुस्तकातून. आणि ते पुस्तक कापणारे म्हणजे आमचे अर्धेकाका.

त्यांना आईवडिलांनी ठेवलेलं नाव होतं, आडनावही होतं, पण ती दोन्ही फक्त कमिटीच्या कागदांवर. गावातली मोठी माणसं त्यांना 'वाचनालयवाले' म्हणत आणि आम्ही पोरी 'अर्धेकाका'. नाव ऐकून कुणाला वाटेल, माणूस चणीनं बारीक असेल. छे! चांगले दारातून वाकून आत येणारे. आवाज असा, की ते कुजबुजले तरी समोरच्या पिंपळावरचे कावळे उठत. वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी होती आणि कुणी हूं की चूं केलं की काका ती मोठ्यानं वाचून दाखवत. चैत्रातल्या उन्हातसुद्धा डोक्याला लोकरीची कानटोपी.

"काका, उकडत नाही का हो?"

"उकडतं. पण काढली की लोक बोललेलं ऐकू येतं."

पुस्तक परत आलं की ते आधी त्याचा वास घेत. पुस्तक नाकाशी धरायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "काल तुमच्याकडं हुलग्याचं पिठलं होतं. तू चुलीपाशी बसून वाचलंस. आईनं हाक मारली तरी उठली नाहीस." पिठल्याचं ठीक, पण हाकेला उठले नाही हे वासावरून कसं कळतं, याचं मला फार कोडं पडे. आता मी स्वतः हाका मारणाऱ्यांत जाऊन बसले आहे, त्यामुळं उलगडलं. कुठलीच पोर उठत नाही. एकदा मामलेदारीणबाईंनी एक जाडजूड कादंबरी परत पाठवली आणि वर "फारच छान होती" असा निरोप दिला. काकांनी ती हुंगली आणि शिपायाबरोबर उलट पाठवून दिली. "बाईसाहेबांना म्हणावं, याला नुसता कपाटाचा वास आहे. आता वाचा."

तर कापाकापीबद्दल. लढाईमुळं कागद मिळेनासा झाला होता. रॉकेल नाही, कापड नाही, तिथं मुलांची पुस्तकं कोण छापतो? वाचनालयात मुलांसाठी एकच कपाट होतं आणि त्या कपाटात जवळजवळ सगळी पुस्तकं दोस्तीची. खार आणि हत्ती, मोर आणि कासव, बोका आणि चिंध्यांची बाहुली. काकांनीच निवडून आणलेली. राजे-महाराजे, पराक्रम, देशोदेशीची माहिती असलं काही का नाही, असं कुणी विचारलं तर म्हणत, "राजे मोठेपणी भेटतील नाहीतर नाही भेटणार. शेजारची पोर रोज भेटते."

पुस्तकं थोडी आणि पोरं फार. मग एका उन्हाळ्यात त्यांनी दाभण, सुई-दोरा आणि चिंचोक्याची खळ घेतली, एकेका पुस्तकाची शिवण उसवली आणि प्रत्येकाचे दोन भाग केले. शिंप्याकडून खणाच्या चिंध्या आणून पहिल्या भागाला लाल बांधणी केली, दुसऱ्याला हिरवी. पानं मोजून बरोबर मध्ये कापायचं. मग तिथं वाक्य तुटो, हत्ती तुटो, त्याला इलाज नाही. एका पुस्तकाला दोन वाचक झाले. आधी एवढाच काटकसरीचा हिशेब होता. पण लवकरच त्यांच्या ध्यानात आलं, की लालवाली पोर हिरवीवालीला शोधत हिंडते. तेव्हा त्यांनी नियम केला: पुस्तकांची अदलाबदल बंद. उरलेली गोष्ट हवी तर तोंडानं मागायची आणि तोंडानं सांगायची. दोघींनी मिळून काकांना अख्खी गोष्ट सांगितली की मगच दोघींना पुढचं पुस्तक. आणि जोड्या ते लावणार.

जोड्या कशा लावत? त्यांच्या टेबलामागच्या खिडकीतून मुलींच्या शाळेचं पटांगण दिसे. कुणी कुणाशी हनुवटीखाली अंगठा उडवून कट्टी केली, हे बाईंच्या आधी त्यांना कळे. संध्याकाळी त्या दोघी आल्या की एकीच्या हातात लाल, दुसरीच्या हातात हिरवं. "पण काका, पुढं काय होतं?" म्हटलं की ठरलेलं उत्तर, "पुढचं तिच्याकडं."

हे त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं, की वर्तमानपत्राचीही पानं सुटी करून ते एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या गावकऱ्यांत वाटत. "लढाईचं काय झालं हो?" कुणी विचारलं, तर म्हणत, "मी सुरुवात वाचलीय. पुढचं तलाठ्याकडं." आणि विचारणाऱ्याचं आणि तलाठ्याचं बांधावरून वाकडं असे.

आता या गोष्टीत मी येते. जरा सांभाळून घ्या, कारण ती मुलगी सांभाळून घ्यावी अशी नव्हती.

माझे वडील मामलेदार कचेरीत कारकून. त्यांची नगरहून पारनेरला बदली झाली तेव्हा मी चौथीत होते. पेट्रोल मिळत नव्हतं म्हणून मागं कोळशाची भट्टी लावलेल्या मोटारीतून आम्ही आलो. चढ आला की उतारूंनी उतरून तिला ढकलायची रीत होती, त्यामुळं बरीचशी वाट मी चालतच आले म्हणायला हरकत नाही. पण पारनेरात पाऊल ठेवलं ते नाक वर करून. मी नगरची! माझी भाषा शुद्ध, माझं पोलकं इस्त्रीचं, माझ्या दोन वेण्यांना दोन गुलाबी रिबिनी. आज ती मुलगी समोर आली तर मी तिची एक रिबीन नक्की ओढीन.

शाळेतल्या पोरींनी दुसऱ्याच दिवशी माझं बारसं केलं. नाव ठेवलं 'साजूक'.

मला मैत्रीण हवी होती. पोटात दुखावं इतकी हवी होती. मधल्या सुट्टीत सगळ्या पोरी लिंबाखाली सागरगोटे खेळत आणि मी भिंतीला टेकून दप्तरात काहीतरी शोधत असल्याचं सोंग करी. दप्तरात एक पाटी आणि एक पेन्सिल. त्यात किती वेळ शोधणार? शेवटी मी वाचनालयात गेले आणि नगरच्या थाटात विचारलं, "मैत्री कशी करावी, यावर आपल्याकडे पुस्तक आहे का?"

काकांनी कानटोपी जरा वर केली. "कशी करावी ते मला ठाऊक नाही. कुणीकुणी केली, ते आहे." मग त्यांनी माझ्या हातात एका पुस्तकाचे लाल आणि हिरवा असे दोन्ही भाग ठेवले.

मी खूश झाले. म्हटलं, बघा, नगरची म्हणून मला अख्खं दिलं. तर म्हणाले, "तुझी कट्टी व्हायला तरी कुणी पाहिजे ना. तोवर दोन्ही भाग तूच ने."

मी कपाट फस्त केलं. आणि नुसतं वाचून थांबले असते तर ठीक होतं, पण मी पडले अभ्यासू. पुस्तकात लिहिलंय तसं करून बघायचं मी ठरवलं. एका पुस्तकातली खार आपले दाणे सगळ्यांना वाटते आणि सगळे तिचे मित्र होतात. मी डबाभर बेसनाचे लाडू नेले. पोरींनी लाडू खाल्ले, हात परकराला पुसले, "उद्या पन आन गं" म्हणाल्या आणि खेळायला गेल्या. दुसऱ्या पुस्तकात हत्तीचं पिल्लू चिखलात रुततं, सगळे त्याला ओढून काढतात आणि जन्माची दोस्ती होते. पारनेरात रुतण्याजोगा चिखल मला कुठं मिळाला नाही. म्हणून पोरी शाळेतून परत जायच्या वाटेवर, कोरड्या ओढ्यात, पाय मुरगळल्यासारखी करून मी कण्हत बसले. पोरी त्या दिवशी नेमक्या दुसऱ्या वाटेनं गेल्या. एक शेळी आली. तिनं माझी एक रिबीन खाल्ली. मागून शेळीची मालकीण म्हातारी आली आणि "माज्या शेरडाला चिंध्या चारती व्हय गं, भवाने!" म्हणून मलाच बोलली. मी उठून पळाले ते मुरगळलेल्या पायानं.

तिसरं पुस्तक एका घुबडाचं होतं. ते घुबड पानोपानी उपदेश करी, की खरा मित्र तोच, जो मित्राची चूक प्रेमानं दाखवून देतो. हे मात्र मला एकदम पटलं. चुका दाखवण्यात माझा हात कोण धरणार?

आमच्या वर्गात हमीदा होती. तिचे वडील कासाराचा, म्हणजे बांगड्यांचा, धंदा करत आणि आई बाजाराच्या दिवशी बांगड्यांचा हारा घेऊन बसे. पटांगणावर हमीदाचं राज्य होतं. सागरगोटे तिच्या हातातून वर जात ते जणू तिला विचारूनच खाली येत. त्या दिवशी खेळात एक गोटा कमी पडला. हमीदा भिंतीपाशी माझ्याकडं आली. आपण होऊन आली! म्हणाली, "ए, तुज्याकडं गोटा हाय का?"

माझ्या आयुष्यातला सोन्याचा क्षण. मी काय करावं? मी घुबडासारखी मान वळवली आणि प्रेमानं म्हटलं, "'हाय' नव्हे, 'आहे'. आणि 'तुज्या' नव्हे, 'तुझ्या'. पुस्तकात 'हाय' असा शब्दच नसतो."

पोरी फिदीफिदी हसल्या. हमीदा हसली नाही. तिनं मला वेणीपासून वहाणेपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "व्हय का? मग जा, पुस्तकासंगं खेळ." हनुवटीखाली तिचा अंगठा उडाला. मग रांगेनं सगळ्यांचे.

मी रडत वाचनालयात गेले. काका खिडकीशी उभेच होते. मला बघून इतके आनंदले, की कुजबुजायचं विसरले. "झाली का कट्टी? वा! आता तू पात्र झालीस!" आणि कपाटातून त्यांनी साळिंदर आणि बगळ्याचं पुस्तक काढलं. लाल भाग मला. हिरवा भाग अर्थातच हमीदाला.

साळिंदराची गोष्ट अशी: अंगावर काटे, म्हणून त्याच्याजवळ कुणी येत नाही. ते बिचारं चिखल लावून काटे चोपडे करतं, मागं मागं चालून बघतं, पण जाळीतले सगळे प्राणी त्याला पाहून पळतात. मग एकदा ते पालापाचोळ्यानं झाकलेल्या खड्ड्यात पडतं. आणि माझ्या लाल भागातलं शेवटचं वाक्य होतं, "साळिंदर मोठ्याने ओरडले, 'माझ्याजवळ कोणी आहे का?'" संपलं. त्याच्यापुढं खणाचं लाल कापड.

मी ते इतक्या वेळा वाचलं, की ते साळिंदर खड्ड्यात आहे की चौथीच्या वर्गात, हेच मला कळेनासं झालं. पण हमीदाला विचारणार? मी? मी शेवट मनानंच रचला आणि काकांना जाऊन सांगितला. "साळिंदराचे काटे गळून पडले आणि सगळे त्याच्याभोवती नाचले." काकांनी पुस्तक हुंगलं. "खोटं. काटे गळत नसतात." दुसऱ्या दिवशी हमीदानंही नशीब आजमावून पाहिलं. तिच्याकडं सुरुवात नव्हती. तिनं काकांना सांगितलं, "साळिंदराला त्याच्या सासूनं खड्ड्यात ढकललं." काका म्हणाले, "पुस्तकापेक्षा हे चांगलं आहे. पण खोटं." दोघींचीही पुढची पुस्तकं अडली. आठवडे गेले. ती मला दिसली की पुटपुटे, "साजूक!" आणि मी आकाशातले ढग बघे. उन्हाळा होता, ढग नव्हते.

मध्ये आईनं मला बांगड्या भरायला बाजारात नेलं. हमीदाची आई, म्हणजे चाची, बांगड्या भरू लागली आणि हमीदा हाऱ्यापलीकडं पाठ करून बसली. माझ्या हातात बांगडी काही केल्या चढेना. "हात लई कडक झालाय," चाची आईला म्हणाली. "रुसलेल्या पोरीचा हात आसाच व्हतो. आमच्या हिचाबी तसाच झालाय बगा कवापासून." दोन्ही आया हसल्या. हमीदाची पाठ आणखी ताठ झाली.

आणि मग वकीलसाहेब आले.

वकीलसाहेब म्हणजे वाचनालयाच्या कमिटीचे अध्यक्ष. माणूस सज्जन, पण पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला तरी ते दिवसभर हळहळत. ते कपाटं तपासायला म्हणून आले, तेव्हा आम्ही पाचसहा पोरी आत होतो. मी लाल भाग घेऊन एका कोपऱ्यात, हमीदा हिरवा घेऊन दुसऱ्या. वकीलसाहेबांनी मुलांचं कपाट उघडलं. एक लाल पुस्तक चाळलं, दुसरं चाळलं, तिसरं चाळलं आणि खाली बसले.

"अहो, ही पुस्तकं अर्धी आहेत!"

"पुरी आहेत," काका कुजबुजले. कावळे उठले.

"मग उरलेला भाग कुठं आहे?"

"पुढचं तिच्याकडं."

"तिच्याकडं म्हणजे कुणाकडं? अहो, ही वाचनालयाची मालमत्ता आहे! ही कत्तल आहे, कत्तल! तुम्हाला ग्रंथपाल नेमलंय की खाटीक?" वकीलसाहेबांचा आवाज चढला, तेव्हा काकांनी पाटीकडं बोट दाखवलं. त्यामुळं तर ते फारच भडकले. "एक पूर्ण पुस्तक मला आत्ता दाखवा. एक! नाहीतर किल्ल्या टेबलावर ठेवा."

काकांनी कमरेचा जुडगा सोडला आणि खरंच टेबलावर ठेवला. वाद नाही, काही नाही. त्या किल्ल्यांशिवाय काकांची कंबर कशी दिसते हे आम्ही कुणी पाहिलंच नव्हतं. मागच्या खोलीत त्यांचा संसार म्हणजे एक वळकटी आणि एक स्टोव्ह. किल्ल्या गेल्या म्हणजे खोली गेली, खिडकी गेली, आणि आम्हाला हुंगून ओळखणारं पारनेरात कुणी उरणार नाही.

"पूर्ण पुस्तक दाखवता येत नाही," काका म्हणाले. "ऐकवता येतं." आणि त्यांनी नेमकं माझ्याकडं आणि हमीदाकडं पाहिलं. वाचनालयात दुसऱ्या जोड्या होत्या हो! एकमेकींच्या गळ्यात गळे घालून बसलेल्या, अख्खी गोष्ट पाठ असलेल्या. पण नाही. हा माणूस आपली नोकरी पणाला लावणार ती आमच्यावर.

मी उभी राहिले. शाळा-तपासनीसांपुढं कविता म्हणतात तसे हात मागं बांधले आणि साळिंदर सुरू केलं. जाळी झाली, चिखल झाला, मागं मागं चालणं झालं, खड्डा आला. "साळिंदर मोठ्याने ओरडले, 'माझ्याजवळ कोणी आहे का?'" मी थांबले. आता पुढचं तिच्याकडं.

हमीदा बोलेना. हिरवं पुस्तक छातीशी धरून खाली बघत उभी.

"झालं?" वकीलसाहेब म्हणाले.

मी पुन्हा म्हटलं, "माझ्याजवळ कोणी आहे का?" या वेळी ते तितकंसं साळिंदर राहिलं नव्हतं. वकीलसाहेबांचा हात किल्ल्यांकडं गेला. काका खिडकीतून पटांगणाकडं बघत होते, जणू आत काही चाललेलंच नाही.

तेव्हा माझ्या शुद्ध, साजूक, नगरी तोंडातून कसं कोण जाणे निघालं, "कुनी हाय का गं?"

हमीदानं झटकन वर पाहिलं. तिचे डोळे हसले आधी, तोंड नंतर. तिनं पुस्तक उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "हाय!"

"बाळ, 'हाय' नव्हे," वकीलसाहेब सवयीनं म्हणाले. "'आहे' म्हणावं."

आणि बघा, हे माझंच वाक्य होतं, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला त्याचा असा काही राग आला, की मीच पुढं झाले. "पुस्तकात बघा आधी!"

"पुस्तकात 'हाय' हाय!" हमीदा ओरडली. एवढे आठवडे तिनं हा हुकमाचा पत्ता हिरव्या भागात दाबून ठेवला होता. तिच्या भागाचा पहिला शब्दच तो. वकीलसाहेबांनी चष्मा लावला. छापलेलं होतं: "'हाय!' असे ओरडून बगळा उडाला, आणि फिरून तेथेच येऊन बसला."

"अगं, हा वेदनेचा उद्गार आहे," वकीलसाहेब म्हणाले. "बगळ्याला काटा टोचला, म्हणून तो 'हाय' म्हणाला. हे बघ, चित्रात त्यानं एक पाय वर घेतलाय."

"बगळा येकाच पायावर हुबा ऱ्हातो," हमीदा म्हणाली. "तळ्यावर जाऊन बगा. त्याला त्यानं इचारलं, कुनी हाय का, आन ह्यो म्हनला, हाय. सरळ हाय की!"

वकीलसाहेबांनी कोर्टात बघावं तसं काकांकडं पाहिलं. काकांनी कानटोपी काढली. मी तरी तेव्हाच प्रथम पाहिली ती काढलेली. आत चक्क पांढरेशुभ्र, उभे राहिलेले केस होते, साळिंदरासारखे.

"टोचलं हेही खरं, आणि जवळ आहे हेही खरं," काका म्हणाले. "दोन्ही एकाच शब्दात बसलं. तेवढाच कागद वाचला. लढाई चालू आहे, साहेब."

वकीलसाहेबांनी घड्याळ पाहिलं, छत्री उचलली आणि दारापर्यंत गेले. तिथून मागं वळून म्हणाले, "बरं, मग त्या बगळ्यानं त्याला बाहेर काढलं का?"

"पुढचं तिच्याकडं," आम्ही सगळ्याच ओरडलो.

हमीदानं पुढचं सांगितलं. बगळ्याचे पाय लांब आणि चोच लांब, म्हणून काट्यांना न भिडता त्याला जवळ उभं राहता येतं. चोचीनं तो साळिंदराच्या मानेवरच्या गोचिड्या टिपतो, फांदी ओढून आणतो, आणि बाहेर आल्यावर दोघं तळ्याकाठी जरा अंतर ठेवून राहतात. वकीलसाहेबांनी छत्री पुन्हा कोपऱ्यात ठेवून ते सगळं ऐकलं. जाताना किल्ल्यांचा जुडगा काकांच्या बाजूला सरकवला आणि हुकूम केला, "यापुढं एकही पुस्तक कापायचं नाही."

काकांनी हुकूम अक्षरशः पाळला. लढाई संपली, नवी पुस्तकं आली, त्यांनी एकही कापलं नाही. फक्त प्रत्येकाच्या दोन प्रती मागवून एकीची पुढची आणि दुसरीची मागची निम्मी पानं सुई-दोऱ्यानं शिवून टाकली.

घरी जाताना हमीदा माझ्याबरोबर चालत होती. मध्येच म्हणाली, "तू 'हाय' म्हनलीस."

"चुकून."

"व्हय. चुकून." आणि खिशातून एक सागरगोटा काढून तिनं माझ्या हातावर ठेवला.

त्यानंतर माझं व्याकरण जे बिघडलं ते बिघडलंच. "आई, लई भूक लागली हाय," असं मी जेवायच्या वेळी म्हटलं, तेव्हा वडिलांनी हातातला घास खाली ठेवला होता. बदलीचा अर्ज करावा का, असं ते आईला विचारत होते. तिनं दोघांना वाढलं.

मी काकांना एकदा विचारलं होतं, "काका, तुमचा मित्र कोण हो?" अशा गोष्टी मला तेव्हा सहज विचारता येत. ते खळ ढवळत होते. म्हणाले, "माझ्याकडं लाल भाग आहे." आणि टोपी कानांवर ओढून घेतली. ते कापलं कुणी, हिरवा भाग कुठल्या गावी गेला, हे कुणालाच कधी कळलं नाही.

लग्न होऊन मी लांब गेले. हमीदा दिली नगरला. बऱ्याच वर्षांनी, दोघींच्याही कडेवर पोरं आली होती तेव्हा, आम्ही ठरवून पारनेरला गेलो. वाचनालयाला नवी इमारत झाली होती, नवा ग्रंथपाल होता आणि पुस्तकं सगळी अखंड होती. काका जुन्याच जागी, मागच्या खोलीत राहत होते. डोळ्यांत मोतीबिंदू. बाहेरच्या ओट्यावर सतरंजी टाकून बसले होते, डोक्याला तीच टोपी, आणि मांडीवर एक पुस्तक. वाचत नव्हते. हुंगत होते.

आमची पावलं वाजली तशी त्यांनी मान वर केली. "कोण? कोणी आहे का?"

हमीदानं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं. आणि आम्ही दोघी एका दमात ओरडलो, "हाय!"

पिंपळावरून कावळे उठले. काकांनी पुस्तक मिटलं, नाक जरा वर केलं, आमच्या दिशेची हवा ओढून घेतली आणि कुजबुजले, "पुस्तकात बगळा एकच होता."

मग त्यांनी पाय आखडून घेतले, आणि सतरंजीवर दोन बगळ्यांपुरती जागा करून दिली.